नवव्या इनिंगचा माणूस

फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली त्या अमेरिकेत आल्या, या शहरातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ या दिवशी डॉक्टर झाल्या. मीही त्यांचंच नाव मनात घेऊन इथे उतरलो. पण त्याच १८८३ साली या शहरात फिलीज नावाचा बेसबॉलचा संघ उभा राहिला आणि आज सव्वाशेहून जास्त वर्षं उलटल्यावरही हे शहर त्या संघाच्या तालावर हसतं नि रुसतं, हे इथे येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. बसमध्ये, बेकरीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे बघावं तिथे लाल टोप्या. आदल्या रात्री संघ हरला असेल तर कॉफी देणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावरही ते वाचता येतं.

आणि हरण्याची या शहराला चांगली सवय आहे. १५ जुलै २००७ रोजी फिलीजनी आपला दहा हजारावा सामना गमावला. अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक संघानं तोवर इतके पराभव पाहिले नव्हते. तरीही लोक येतात, पैसे मोजून येतात, पोराबाळांना घेऊन येतात. आणि खेळाडू चुकला की अशी हुर्यो उडवतात की पाहुण्याच्या अंगावर काटा यावा. हुर्यो उडवण्यात फिलाडेल्फियाचा हात धरणारं शहर अमेरिकेत नाही, असं इथलेच लोक सांगतात.

ब्रॉड स्ट्रीटच्या पोटातून जाणारी गाडी दक्षिणेकडच्या शेवटच्या स्टेशनाशी थांबली की सगळा डबा एकदम रिकामा होतो. वर आलं की समोर सिटिझन्स बँक पार्क. २००४ साली सुरू झालेलं, चाळीस हजारांहून जास्त माणसं बसतील असं मैदान. उंचावर दिव्यांची भलीमोठी लिबर्टी बेल टांगलेली. घरच्या खेळाडूनं होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला की ती डोलते आणि तिचा टोल मैदानभर घुमतो. माझी भाची गेली कित्येक वर्षं याच शहरात राहते. तिनं मला आमच्या खुर्च्यांकडे नेलंच नाही. मैदानाच्या मागच्या बाजूला ॲशबर्न ॲली नावाचा रुंद रस्ता आहे, तिथल्या कठड्याशी नेऊन उभं केलं.

"मामा, खेळ मग बघा. आधी खाली बघा," ती म्हणाली. "हे वरचं बुलपेन पाहुण्यांचं, त्याखालचं आपलं."

खाली बघितलं आणि मी बघतच राहिलो. कुंपणाआड दोन टप्पे, एकावर एक. प्रत्येक टप्प्यात लांबट बाक, मातीचे दोन उंचवटे, आणि भिंतीवर एक टेलिफोन. बाकावर सहा-सात धिप्पाड माणसं सूर्यफुलाच्या बिया चघळत, सालं थुंकत निवांत बसलेली. हे राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. सामना सुरू करणारा पिचर पाच-सहा इनिंग टाकून दमला की यांच्यातला एकेक जण बोलावला जातो. कोण, कधी, ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. संघाचा मॅनेजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसतो, परिस्थिती बघतो आणि टेलिफोन उचलतो. इकडे घंटा वाजते. बाकावरचं बोलणं तिथल्या तिथे थांबतं. प्रशिक्षक फोन ठेवतो आणि कुणातरी एकाकडे बोट दाखवतो.

माझ्या देखत तो फोन वाजला. पाहुण्यांपैकी एकानं जाकीट उतरवलं आणि हात मोकळा करायला सुरुवात केली. कॅचरच्या चामडी पंजात चेंडू बसला की असा फटाका वाजायचा की कठड्यावर ठेवलेला माझा हात दचकायचा. आणि माझ्या आजूबाजूचे लोक त्या पिचरला नावानं हाका मारमारून खिजवत होते. त्याचं गेल्या आठवड्यातलं अपयश, त्याची सरासरी, सगळं त्याच्या डोक्यावरून ओरडून ऐकवत होते. अंतर इतकं कमी की शब्दन् शब्द त्याच्या कानी पडत असणार. तो माणूस ढिम्म. मान वर नाही, कपाळाला आठी नाही. आणखी पाच चेंडू, मग दार उघडलं आणि तो हजारो लोकांच्या ओरड्यातून धावत मैदानाच्या मधोमध गेला. माणूस स्वतःला इतकं मिटून कसं घेऊ शकतो, याचं मला जे नवल वाटलं ते आजही ओसरलेलं नाही.

बेसबॉलचा हंगाम साधारण सहा महिन्यांचा आणि सामने १६२. चांगला राखीव पिचर त्यातल्या साठ-सत्तर सामन्यांत उतरतो आणि बहुतेक वेळा एकच इनिंग टाकतो. म्हणजे पंधरा-वीस चेंडू. यांच्यातला सर्वांत भरवशाचा तो 'क्लोजर'. संघ एक, दोन किंवा तीन धावांनी पुढे आहे, नववी म्हणजे शेवटची इनिंग आहे, तीन माणसं बाद करायची आहेत, की याला बोलवायचं. त्यानं ती आघाडी शाबूत राखली तर त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. १९६९ पासून हा आकडा अधिकृतपणे मोजला जातो. आघाडी निसटली तर त्याचीही नोंद होते, आणि ती कायमची. बाकीच्यांनी अडीच-तीन तास घाम गाळून जमवलेलं सगळं याच्या पंधरा मिनिटांवर टांगलेलं. जिंकला तर त्यानं फक्त ठरलेलं काम केलं. हरला तर सामना त्यानं घालवला.

कठड्याशी माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे होते. खिशात चेंडू होता, कधीतरी प्रेक्षकांत उडून आलेला, त्यांनी झेललेला. मला बारकाईनं बघताना पाहून त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका. शिवण एका सरळ पट्ट्यात नाही. लाल दोरा वळसे घेत चेंडूभर फिरतो. दुहेरी टाके, १०८. पांढरं कातडं पांढरंशुभ्र नव्हतं, त्यावर फिकट तपकिरी झाक होती. गृहस्थ म्हणाले, ती नदीची माती आहे. नवा चेंडू बोटांतून सटकतो, म्हणून प्रत्येक सामन्याआधी चेंडूंना चिखल चोळतात. तो चिखल इथूनच, डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका प्रवाहाच्या काठावरून न्यू जर्सीत उपसला जातो, आणि नेमकी जागा गुप्त ठेवली जाते. १९३८ साली फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक लीना ब्लॅकबर्न यांनी तो शोधून काढला. आज अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या मैदानांवर तीच माती जाते.

मग त्यांनी माझी पहिली दोन बोटं जवळ आणून चेंडूच्या मधोमध न ठेवता एका कडेला, शिवणीलगत बसवली. हा स्लायडर. असा धरून जोरात सोडला की चेंडू सरळ येतोसा वाटतो आणि फलंदाजाजवळ पोचता पोचता बाजूला सरकत खाली बुडतो. पिचरपासून फलंदाजापर्यंतचं अंतर साठ फूट सहा इंच, आणि चेंडूला तिथे पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. बोट केसभर चुकलं तर तो बुडत नाही. छातीच्या उंचीवर फिरत राहतो, आणि मग फलंदाजाची चैन. एवढं सांगून ते थांबले आणि त्यांनी विचारलं, ब्रॅड लिज माहीत आहे का?

नाव मी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून ऐकलं, आणि पुढे कित्येक रात्री भाचीच्या घरी जुन्या सामन्यांच्या फिती लावून पाहत बसलो.

लिज कोलोरॅडोत वाढलेला. १९९८ साली ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी त्याला पहिल्याच फेरीत निवडलं. सुरुवातीची वर्षं दुखापती आणि शस्त्रक्रियांत गेली. २००२ साली मोठ्या मैदानावर पहिला चेंडू टाकला. ११ जून २००३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ॲस्ट्रोजच्या सहा पिचरनी मिळून यांकीजना एकही हिट मारू दिला नाही. त्या सहांत हा होता, आणि विजय याच्याच नावावर लागला. २००४ साली त्यानं ९४ इनिंगच्या आसपास टाकून १५७ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. तो आला की दिवे गेले, म्हणून लोक त्याला 'लाइट्स आउट' म्हणू लागले.

आणि मग १७ ऑक्टोबर २००५. ह्यूस्टनचं मैदान. हा सामना जिंकला की ॲस्ट्रोज इतिहासात प्रथमच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेला जाणार. नववी इनिंग, ह्यूस्टन ४-२ नं पुढे, समोरच्या सेंट लुईसचे दोन बाद. तिसऱ्या फलंदाजावर दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे आता फक्त एक चेंडू हवा. त्यानं तो चेंडू कसाबसा फटकावून पहिला बेस गाठला. पुढचा चार बॉलवर फुकट बेसवर गेला. आणि समोर आला अल्बर्ट पुहोल्स. लिजनं स्लायडर टाकला. तो बुडला नाही. पुहोल्सनं तो असा उचलला की डावीकडच्या भिंतीवरच्या आगगाडीच्या रुळांच्याही वर गेला. फितीत सर्वांत भयंकर काय असेल तर त्यानंतरची शांतता. हजारो माणसं उभी आहेत आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. लिज गुडघे वाकवून खाली बसतो, मान वळवून चेंडूकडे बघतो. ५-४. हातातोंडाशी आलेला घास गेला.

हे बघताना मला शारजा आठवलं. १८ एप्रिल १९८६, चेतन शर्माचा शेवटचा चेंडू, जावेद मियाँदादचा षटकार. त्या एका चेंडूपायी आपण त्या गोलंदाजाला आयुष्यभर काय काय ऐकवलं! आणि त्याच चेतन शर्मानं पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, आपल्या नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. ती किती जणांच्या तोंडी आहे?

ह्यूस्टनच्या त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी ॲस्ट्रोज सेंट लुईसला जाऊन जिंकले आणि वर्ल्ड सिरीजला पोचले. तिकडे जाताना विमानात एका सहकाऱ्यानं वैमानिकाला गाठून घोषणा करायला लावली, की डाव्या खिडकीतून बघा, पुहोल्सचा चेंडू अजून चाललाय. सगळं विमान हसलं, लिजही हसला, असं सांगतात. पण घाव भरला नव्हता. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात शिकागोला यजमान संघाच्या स्कॉट पॉडसेडनिकनं नवव्या इनिंगमध्ये त्याला होमरन मारून सामना संपवला. बाद फेऱ्यांआधीच्या अख्ख्या हंगामात पॉडसेडनिकनं एकही होमरन मारला नव्हता. चौथा सामना १-० नं गेला, ती एकमेव धावही लिजच्याच हातून. २००६ साली तो दर नऊ इनिंगमागे पाचहून जास्त धावा देऊ लागला. पुहोल्सनं या माणसाला संपवलं, असं लोक उघड म्हणू लागले. नोव्हेंबर २००७ मध्ये ह्यूस्टननं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. म्हणजे चुकणाऱ्याला क्षमा नाही असं ज्या शहराबद्दल बोललं जातं, नेमकं तिथे.

या शहराचीही एक जखम होती. मधोमध सिटी हॉल आहे आणि त्याच्या माथ्यावर शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा. त्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही, असा अलिखित संकेत होता. १९८७ साली एका टोलेजंग इमारतीनं तो मोडला. शहराच्या संघांनी त्याआधीचं अखेरचं अजिंक्यपद जिंकलं होतं १९८३ मध्ये, आणि ती इमारत उभी राहिल्यावर काही केल्या दुसरं मिळेना. पेनचा शाप, म्हणू लागले लोक. २००७ मध्ये त्याहून उंच कॉमकास्ट सेंटर बांधताना कामगारांनी सर्वांत वरच्या तुळईवर पेनची चिमुकली मूर्ती चिकटवली. तेव्हा तोच पुन्हा शहरात सगळ्यांच्या वर गेला. मी खालून मान मोडेपर्यंत पाहिलं. अर्थातच दिसत नाही. पण तिथे ती आहे, हे सांगताना शिकलेसवरलेले लोक गंभीर होतात.

आणि २००८ साली लिजनं जे केलं ते कुणालाही सांगून पटलं नसतं. हंगाम सुरू होण्याआधीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. तिथून उठून तो आला आणि ४१ वेळा आघाडी राखायला पाठवलं, ४१ वेळा त्यानं राखली. बाद फेऱ्यांत सात वेळा पाठवलं, सातही वेळा राखली. ४८ पैकी ४८. जुलैत संघानं त्याच्याशी तीन वर्षांचा, ३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला.

वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना २७ ऑक्टोबरला सुरू झाला आणि सहाव्या इनिंगमध्ये पावसानं थांबला. दोन दिवसांनी, २९ ला, तिथून पुढे खेळला गेला. नववी इनिंग, फिलीज ४-३ नं पुढे, प्रतिस्पर्धी टँपाचे दोन बाद, बरोबरीची धाव दुसऱ्या बेसवर. पुन्हा एकाच माणसाचं अंतर. समोर एरिक हिंस्की. दोन स्ट्राइक. आणि लिजनं स्लायडर टाकला. तोच चेंडू, जो ह्यूस्टनला बुडला नव्हता. हा बुडला. हिंस्कीची बॅट हवेतून फिरली, कॅचर कार्लोस रुईझच्या पंजात चेंडू बसला, आणि लिज तिथेच गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात आभाळाकडे. तीन वर्षांपूर्वी हरल्यावरही तो गुडघे वाकवूनच बसला होता. मला कठड्याशी भेटलेल्या त्या वृद्ध गृहस्थांचा आवाज आठवतो. हे सांगताना तो कापरा झाला. पंचवीस वर्षांनी शहराला अजिंक्यपद मिळालं होतं. दोन दिवसांनी ब्रॉड स्ट्रीटवरून मिरवणूक निघाली तेव्हा लोक दिव्यांच्या खांबांवर चढून बसले होते.

गोष्ट इथे थांबली असती तर ती परीकथा झाली असती. पण या धंद्यात पुढचा एप्रिल येतोच. २००९ साली त्याच लिजनं ११ वेळा आघाडी घालवली. आठ सामने हरला, एकही जिंकला नाही. आदल्या वर्षी दर नऊ इनिंगमागे १.९५ धावा देणारा हात आता ७.२१ देत होता. गुडघा दुखावलेला, कोपर दुखावलेलं. ज्या मैदानानं त्याला डोक्यावर घेतलं त्याच मैदानात हुर्यो. सप्टेंबरात मॅनेजर चार्ली मॅन्युएल यांनी त्याच्याकडून शेवटची इनिंग काढून घेतली, आणि ऑक्टोबरात पुन्हा त्याच्याच हाती दिली. त्यानं तिचं काय केलं? कोलोरॅडोला, आपल्या लहानपणच्या मुलखात, लागोपाठ दोन सामने राखले. लॉस एंजेलिसला आणखी एक. संघ सलग दुसऱ्या वर्षी वर्ल्ड सिरीजला पोचला.

तिथे चौथ्या सामन्यात, १ नोव्हेंबरला, आपल्याच मैदानावर ४-४ अशी बरोबरी असताना त्यानं दोन माणसं बाद केली. मग यांकीजच्या जॉनी डेमननं नऊ चेंडू झुंजून हिट मारला, दुसरा बेस चोरला, तिसरा मोकळा दिसताच तोही पळून गाठला. तिसऱ्या बेसवर माणूस असला की खाली बुडणारा चेंडू टाकायला जीव धजत नाही. कॅचरच्या हातून निसटला तर धाव फुकट जाते. हातातलं सर्वांत मोठं हत्यार म्यान करून लिजला सरळ वेगावर विसंबावं लागलं, आणि यांकीजनी तीन धावा काढल्या. सामना गेला, पुढे मालिकाही गेली. हंगाम संपल्यावर कोपर आणि गुडघा, दोन्हींवर शस्त्रक्रिया. तरी २०१० साली तो परत आला आणि २७ सामने राखले. मग खांदा गेला. १ ऑगस्ट २०१३ रोजी फिलीजनी त्याच्याशी एका दिवसाचा करार केला, एवढ्यासाठीच की निवृत्त होताना अंगावर याच शहराचा सदरा असावा. कारकिर्दीत २२५ सेव्ह.

पुढे त्यानं इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातून रोमन काळाच्या पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. केलं. आयुष्यभर ज्याला काल रात्रीचा चेंडू आज विसरावा लागला, तो माणूस आता दोन हजार वर्षांपूर्वीचं उकरून जपून ठेवायला शिकला, हे कळलं तेव्हा मला विलक्षण बरं वाटलं.

२०१८ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी लिजचं नाव मतदानाला आलं. चारशेहून जास्त पत्रकारांनी मतं दिली. लिजला एकही मत पडलं नाही. आकड्यांच्या हिशेबानं ते चूक म्हणता येणार नाही. पण ह्यूस्टनच्या त्या रात्रीनंतर पुन्हा चेंडू हातात घेणं, तोही स्लायडरसाठीच, आणि २००९ च्या हुर्योतून पुन्हा त्या दारातून धावत बाहेर येणं, हे ज्याला जमलं त्याला मी खेळाडू म्हणून फार वरचा मानतो. ४८ पैकी ४८ हा विक्रम मोठा आहेच. माझ्या लेखी त्याहून मोठी आहे ती त्याच्या आधीची आणि नंतरची वाट. तेव्हा आपल्याकडेही एखाद्या पोरानं शेवटच्या षटकात सामना घालवला, तर त्याला शिव्या घालण्याआधी एवढं तरी बघा, की पुढच्या सामन्यात चेंडू मागायला तो पुढे येतो की नाही. आला, तर त्याच्यासाठी टाळी वाजवा.